मौनात पळवलेली डेचकी

"मौन घेतलंस ना शालन, मग भुवईनंसुद्धा बोलायचं नाही. हात नको, मान नको, डोळे नकोत. आणि बोलायलाच हवं अशी वेळ आली, तर सरळ तोंड उघडून बोलायचं."

पाच वर्षांपूर्वी स्तवनिधीच्या तीर्थावर आर्यिका माताजींनी मला हे सांगितलं, तेव्हा मी हात जोडून उभी होते. त्यातला भुवईचा भाग मी मनात इतका पक्का बसवला, की शेवटच्या वाक्याला आत जागाच उरली नाही. पुढं जे झालं ते त्यामुळं झालं.

माझ्याकडं बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात मीच लिहून घडी घातलेल्या चिठ्ठ्या. रोज सकाळी आंघोळ झाली, णमोकार मंत्र म्हणून झाला, की त्यातली एक काढायची. निघेल तो त्या दिवसाचा नियम. 'आज तूप नको.' 'आज एकच भाजी.' 'आज आरशात बघायचं नाही.' ही आरशाची निघाली की आमचे हे, ज्यांना गाव धनपालअण्णा म्हणतं, दिवसभर मला सांगत राहतात, "कुंकू वाकडं आलंय बघ." ते वाकडं आलेलं नसतं. पण मला खात्री करता येत नाही, आणि त्यांना ते माहीत असतं.

तर पर्युषणाचे दिवस होते आणि धाकट्या दिरांची त्रिशला सुट्टीला आली होती. ती बेळगावात शहापूरला खोली घेऊन राहते आणि आळंबीवर पीएच.डी. करते. जैनाच्या घरातली पोर, आणि आळंबी! समाजात कुणी विचारलं तर मी आपली 'वनस्पतिशास्त्र' म्हणून मोकळी व्हायची. या खेपेला तिनं तीही वाट बंद केली.

"काकू, आळंबी म्हणजे वनस्पती नव्हेच. तिचं राज्यच वेगळं. नातं लावायचं झालं तर झाडापेक्षा ती प्राण्यांना जवळची."

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं खात नव्हतो ते बरोबरच होतं."

"तसं नव्हे गं..."

"एकेंद्रिय. एका देहात अनंत जीव. म्हणून अभक्ष्य. आमच्यात एका ओळीत वर्गीकरण संपतं. तुला पाच वर्षं कशाला लागतात?"

ती हसली आणि चपला घालून नागोजीभावजींच्या कुरणाकडं गेली. नागोजीभावजी म्हणजे आमचे शेजारी. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. त्यांच्याकडं आळंबी, मटण सगळं चालतं, आणि ज्या दिवशी शिजतं त्या दिवशी मालुबाई आधी भिंतीवरून हाक मारते, "आक्का, खिडकी लावून घ्या वो!" असा शेजार मिळायला पुण्य लागतं.

त्रिशला परत आली ती त्यांना घेऊनच. त्यांच्या हातात बुट्टी, बुट्टीत पांढऱ्याशुभ्र छत्र्या. एकेक हातभर उंच.

"ताटाएवढ्या आल्यात बघा वहिनी! विहिरीकडंच्या गवतात. जन्मात असली बघितली न्हवती."

"म्हणूनच खायची नाहीत, काका," त्रिशला म्हणाली.

"असं कसं? खाली पात्या हाईत, देठाला कडं हाय, वरनं पांढरी हाय. आळंबीच न्हवं का?"

"पात्या आहेत म्हणून सगळी एका घरातली होत नाहीत. आपल्या गल्लीत मिशा किती जणांना आहेत?"

"लई जणांना."

"ते सगळे तुमचे भाऊ?"

नागोजीभावजींनी आपली मिशी चाचपली. "काही जणांचं नक्की सांगता येत न्हाय," ते म्हणाले.

मग तिनं सोप्यात बैठक मारून आम्हा दोघांची शाळा घेतली. छत्री उलटी केली की आत वहीच्या पानांसारख्या दाटीनं उभ्या पात्या असतात. त्या पात्यांतून बीजाणू गळतात. पिठापेक्षा बारीक. दोनशे वर्षांपूर्वी विलायतेतल्या पंडितांनी या बीजाणूंच्या रंगावरून पात्यांच्या सगळ्या आळंब्या वाटून टाकल्या. पांढऱ्या, गुलाबी, मातकट, जांभळट, काळ्या. पाच ढीग. किती तरी वर्षं सगळे सुखात होते. मग जनुकं वाचायची यंत्रं आली आणि कळलं, की एकाच ढिगातल्या कित्येक जणी एकमेकींच्या कोणी लागतच नाहीत. पात्या म्हणे वेगवेगळ्या कुळांनी आपापल्या वेगळ्या तयार केल्या.

"मग ढीग मोडले?" मी विचारलं.

"मोडले. पण कागदावर पडलेल्या बीजाणूंच्या ठशाचा रंग अजून बघतातच. ही जी जात वाटतेय ना, तिच्या जवळच्या नात्यात बहुतेक सगळ्यांचा ठसा पांढरा. ही एकटीच हिरवा देते. क्लोरोफायलम म्हणतात."

"घरात एखादी वेगळी निघतेच," मी म्हटलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"आणि हिरव्याची खाल्ली तर?" नागोजीभावजींनी विचारलं.

"दोन-तीन तासांत उलट्या, जुलाब. धडधाकट माणूस सलाईनवर जातो. आणि दिपालीताईला सातवा महिना आहे."

दिपाली ही त्यांची लेक. बाळंतपणाला माहेरी आलेली. आळंबीचे डोहाळे तिलाच लागले होते, म्हणून तर बुट्टी भरली होती. भावजींचा चेहरा उतरला.

"पर हिच्या पात्या तर पांढऱ्याच हाईत."

"कोवळ्या आहेत म्हणून. रंग मागाहून चढतो. ठसा घेतल्याशिवाय कळायचं नाही. पांढरा आला तर मला परत बघू द्या, हिरवा आला तर थेट खड्ड्यात. तोवर चुलीवर चढवायची नाही."

"न्हाय चढवत."

ठशासाठी तिनं म्हशीनं तुडवून पाडलेली एक मोठी छत्री आणली होती. "बघ काकू, मी उपटलेली नव्हे," असं आधीच सांगून टाकलं. अर्धा काळा, अर्धा पांढरा असा कागद चिकटवला, कारण पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही. त्यावर छत्री ठेवली, पात्या खाली. झाकायला मी वापरात नसलेली जर्मनची वाटी दिली. स्वयंपाकघरात नाही, सोप्यात, कोनाड्यात. एवढं मी तिला ऐकायला लावलंच.

दुपारीच तिच्या सरांचा फोन आला. खानापूरच्या रानात दोन दिवस जायचं होतं, आत्ताच्या आत्ता निघ म्हणाले. ती पिशवी भरता भरता म्हणाली, "रानात रेंज नसते काकू. सकाळी तूच वाटी उचल, ठसा बघ आणि नागोजीकाकांना सांग. सांगशील ना?"

"सांगते."

"नक्की?"

"अगं, सांगते म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी पर्युषणाचा तिसरा दिवस. उत्तम आर्जव. आर्जव म्हणजे सरळपणा. मी आंघोळ केली, णमोकार म्हटला, डब्यात हात घातला आणि चिठ्ठी उघडली. 'आज सूर्यास्तापर्यंत मौन.'

चिठ्ठी परत टाकता येत नाही का? येते. डबा माझा, अक्षर माझं. पण पाच वर्षांत मी एकही चिठ्ठी परत टाकली नव्हती आणि एकदाही मौन मोडलं नव्हतं. देवळात बायका नव्या सुनांना माझं उदाहरण देतात. ते मला ऐकू येत नाही असं मी दाखवते. आदल्याच दिवशी उत्तम मार्दव होतं, म्हणजे अभिमान सोडायचा दिवस. तो मी सोडलेला दिसत नाही. मी मनाशी म्हटलं, भावजी विचारायला येतील, कागद त्यांच्यापुढं ठेवायचा. कागद म्हणजे काही भुवई नव्हे. सरळपणाच्या दिवशी सकाळी सहालाच मी अशी आडवळणं शोधत होते.

वाटी उचलली. छत्री बाजूला केली.

मध्ये देठाची गोल मोकळी जागा आणि तिच्यापासून चारी बाजूंना निघालेल्या रेघा, केसाएवढ्या, एकीला दुसरी न चिकटलेली. चाकाच्या आऱ्यांसारख्या. रंग मुगाच्या वाळल्या सालीचा. हिरवा. विषाला एवढी कलाकुसर कशाला लागते कोण जाणे.

हे पूजेला देवळात गेले होते. नागोजीभावजींची वाट बघत मी सोप्यात बसले. ते काही आले नाहीत. नऊच्या सुमाराला भिंतीपलीकडून लसणाच्या फोडणीचा वास आला. पाठोपाठ मालुबाईची हाक.

"आक्का, खिडकी लावून घ्या वो! आळंबी टाकलीया."

मी उठून भिंतीशी गेले.

"ह्ये निपाणीला गेल्यात, खत आणायला. म्हणाले, शालनवहिनी ठसा बघून सांगतील. कसा आलाय वो? बरा न्हवं?"

मी तिच्याकडं बघत उभी राहिले. डोळे नकोत, म्हणून तिच्या खांद्याकडं बघितलं.

"आज मौन व्हय? मग ऱ्हाऊ द्या. वाईट आसतं तर तुम्ही गप बसला नसता!" आणि ती आत गेली.

मी कागद उचलला आणि तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. त्या घरात मी चाळीस वर्षांत उंबऱ्याच्या आत कधी गेले नव्हते. मालुबाई भाकरी थापत होती. मी कागद तिच्या तोंडापुढं धरला.

"अगोबाई! काय झ्याक रांगोळी काढलीया! दिपे, बघ गं. तुमच्या पर्वाची व्हय? निम्मा काळा कशापायी केलाय?"

हिरव्या-पांढऱ्याची गोष्ट तिच्या कानावर गेलेलीच नव्हती. भावजींनी घरी फक्त 'वहिनी सांगतील' एवढंच सांगितलं होतं. मी कागद आणखी पुढं केला. तिनं पिठाचा हात पुसून तो भिंतीला, देवाच्या तसबिरीशेजारी टेकवून ठेवला.

चुलीशी दिपाली बसली होती. "आई, मीठ बघू काय गं?" असं म्हणत तिनं चमचा डेचकीत घातला, भरून वर काढला आणि त्यावर फुंकर घालू लागली.

बोलायचं होतं ते तेव्हाच. एक शब्द पुरला असता. पण माझं तोंड काही उघडलं नाही. हात मात्र गेले. मी तिच्या हातातला चमचा काढून घेतला, तो डेचकीत टाकला, पदरानं डेचकी धरली, दुसऱ्या हातानं भिंतीचा कागद ओढला आणि बाहेर पडले. अस्तेय व्रत, म्हणजे न दिलेलं घ्यायचं नाही, हे मी सोळाव्या वर्षापासून पाळते. मौन राखायला मी ते मोडलं.

"आक्का! अवो आक्का!" मागून मालुबाईचा आवाज. "भूक लागली आसंल तर सांगा की! ताट वाढून देते!"

गोठ्यामागं आमचा उकिरडा आहे. तिथं मी खड्डा केला, बसले आणि डेचकी पालथी केली. वर राख लोटली, कुत्र्यानं उकरू नये म्हणून दगड ठेवला. चमच्यानं तळ खरवडला. हाताला मसाला लागला, तोंडावर माशी बसली म्हणून तो हात तोंडाकडं गेला. नेमकं तेव्हा मी वर बघितलं.

पलीकडच्या घरातल्या अक्काताई गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. आमच्या समाजात वयानं सगळ्यांत मोठ्या. त्यांच्या हातातला पापड हातातच राहिला.

पुढचं मला दिसलं नाही, नंतर कळलं. त्या धावत मालुबाईकडं गेल्या. मालुबाईनं घडलं तसं सांगितलं. अक्काताईंनी एकच विचारलं, "त्यात कांदा होता का गं?"

"दोन. आणि आख्खा गड्डा लसूण."

"पर्युषणात!" म्हणून त्या खालीच बसल्या.

अकरापर्यंत बातमी देवळात पोचली होती. हे पूजा टाकून घरी आले. दार लावलं, माझ्यासमोर बसले, पंच्याच्या टोकाशी खेळत राहिले.

"शालन, तू खाल्लीस?"

मी भिंतीकडं बघितलं.

"मी कुणाला बोलणार नाही." थोडं थांबून ते हळूच म्हणाले, "चव कशी असते?"

देवाशपथ, त्या क्षणी मौन मोडलं असतं, आणि तेही बोलून नव्हे, हसून.

बाराला नागोजीभावजी आले. खताची पोती उतरवायच्या आधी बायकोनं त्यांना सगळं ऐकवलं होतं. ते दारातूनच म्हणाले, "खाल्ली ती खाल्ली वहिनी. पर एक वाटी तरी ठेवायची! एवढी डेचकी एकटीनं?"

मी उठले आणि कागद त्यांच्यापुढं कट्ट्यावर ठेवला. ते वाकले. काळी बाजू बघितली, पांढरी बघितली.

"हिरवा."

पुढच्या क्षणी ते भिंतीशी होते. "दिपे! तू चाखलीस काय गं?"

"कुठली चाखू?" आतून रागातला आवाज आला. "आक्कानं हातातला चमचा बी न्हेला!"

ते परत आले आणि टोपी काढून हातात धरली. मग ती एकदम परत चढवली. "असं न्हाय चालायचं. गावभर तुमचं नाव निघालंय. आत्ताच्या आत्ता सांगून येतो, ती आळंबी विषारी हुती म्हणून!"

आणि त्यांनी ते सांगितलं. घराघरांत जाऊन, मोठ्या आवाजात. तिथंच सगळं बिघडलं. कारण आळंबी मी खाल्ली हे गावानं आधीच नक्की केलं होतं. त्यात आता एवढीच भर पडली, की ती विषारी होती.

दिवेलागणीच्या जरा आधी अक्काताई आल्या. सोबत पाच-सहा बायका. मला वाटलं जाब विचारायला. त्या वाकल्या आणि माझ्या पायाला हात लावला.

"खाल्लं ते वाईटच," त्या म्हणाल्या. "त्यात लसूण, ते त्याहून वाईट. पण पोटुशी पोर वाचावी म्हणून सगळं विष स्वतः घेतलंस, आणि पचवलंस! पाच वर्षांचं मौन उगीच नव्हे गं."

मी पाय मागं घेतले. "बघा, नम्रता बघा," एक सून म्हणाली.

सूर्य मावळला आणि मी पहिलं वाक्य बोलले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी आळंबी खाल्लेली नाही. उकिरड्यात पुरली आहे. दगड काढून बघा."

अक्काताईंनी प्रेमानं माझ्या गालावरून हात फिरवला. "खरं तप करणारी माणसं सांगत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या निघून गेल्या. दगड कुणीही काढला नाही.

डेचकी मी सात वेळा राखेनं घासली होती. ती आणि चमचा घेऊन भिंतीशी गेले. मालुबाई, भावजी, दिपाली तिघंही अंगणातच होती.

"मालुबाई, मी न विचारता तुझी वस्तू उचलली. त्याआधी, सकाळी तू विचारलंस तेव्हा एका शब्दात सांगायचं होतं, ते सांगितलं नाही. व्रत मोडेल म्हणून नव्हे. माझं नाव खाली जाईल म्हणून. मला क्षमा कर."

हे बोलताना माताजींचं ते शेवटचं वाक्य मला पाच वर्षांनी ऐकू आलं.

मालुबाईनं डेचकी उजेडात धरून बघितली. "नवी असताना बी एवढी चकाकत न्हवती," ती म्हणाली. "वर्सातनं एकदा पळवत जावा."

"क्षमा न्हाय करायचो," नागोजीभावजी म्हणाले. "दंड हाय. वहिनी, मी आळंबी खायचं सोडणार न्हाय, माझ्यानं व्हायचं न्हाय ते. पण जवा-जवा आळंबी घरात येईल तवा तुम्ही येऊन ठसा घ्यायचा, आणि रंग तोंडानं सांगायचा. तुम्ही सांगितल्याबिगर चूल पेटणार न्हाय. कबूल?"

खाणाऱ्याला मदत म्हणजे पापाला मदत की जीवाला, याचा हिशेब मी अजून केलेला नाही. माताजी कधी भेटल्या की विचारीन. "कबूल," मी म्हटलं.

त्रिशला रानातून परत आली, ठसा बघून आनंदली, कागद काचेत घालून बेळगावला घेऊन गेली. जाताना विचारलं, "सांगितलंस ना काकांना?" मी म्हटलं, "कळवलं." सरळपणा अजून पुरता आलेला नाही.

त्यानंतर आठवड्यानं, सकाळी. आंघोळ झाली, णमोकार झाला, मी डबा पुढं ओढला. तेवढ्यात भिंतीवरून हाक आली, "वहिनी! बांधावरच्या वारुळावर आळंबी आल्या! न्हेमीच्या दिसत्यात, पर तुमच्याबिगर हात लावत न्हाय!"

मी डब्यात घातलेला हात तसाच बाहेर काढला. झाकण लावून डबा फळीवर ठेवला. परत आल्यावर चिठ्ठी काढीन म्हटलं. आज कुठलीही निघाली तरी चालेल.

कोनाड्यातली जर्मनची वाटी घेतली, अर्धा काळा अर्धा पांढरा कागद घेतला, दोन्हीवर पदर ओढला. गच्चीवर अक्काताई होत्याच. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पदराखालची वाटी ओळखली आणि दोन्ही हात जोडले. मी खाली मान घालून भिंतीला वळसा घातला आणि नागोजीभावजींच्या फाटकाशी चपला काढल्या.